उंची सहा फूट, मानधन शून्य

"तुझी उंची नेमकी किती रे?"

फोन उचलल्या उचलल्या मित्राने हे विचारलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. शिंपी सोडला तर आजवर माझी उंची कोणी विचारलेली नाही. "सहा फूट," मी म्हणालो, आणि सांगताना आवाजात थोडा तोरा होता हे कबूल करतो.

"झालं तर मग. राक्षस सापडला."

हा मित्र दिवसा लोकांचे हिशेब तपासतो आणि उरलेल्या वेळात सिनेमा काढतो. काढतो म्हणजे, वर्षानुवर्षं काढणार असतो. या खेपेला मात्र संहिता तयार होती. भरकटलेलं अंतराळयान, आत तीन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या मागे लागलेला परग्रहावरचा एक प्राणी. विज्ञानभयपट, तोही स्वतंत्र निर्मितीचा. 'स्वतंत्र' हा शब्द तो असा काही उच्चारायचा की ऐकणाऱ्याची छाती फुगावी. कोणीही पैसे दिलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ आहे, हे मला तिसऱ्या रविवारी उमगलं.

अंतराळयान माझ्या घरात उभारायचं ठरलं, कारण माझ्या घरात पॅसेज आहे. "एका पॅसेजचं यान?" मी विचारलं. त्यावर त्याने मला शास्त्राधार दिला. त्याच्याकडे प्रत्येक काटकसरीला शास्त्राधार असतो. १९९७ सालच्या 'क्यूब' या सिनेमात माणसं एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खोलीत जीव मुठीत धरून फिरत राहतात. प्रत्यक्षात जवळजवळ सगळं चित्रीकरण चौदा फुटांच्या एकाच खोलीत झालं. भिंतींमागचा रंग बदलला की झाली पुढची खोली. तेव्हा आमच्या ट्यूबलाइटला लाल, निळा, हिरवा, पिवळा असा जिलेटिन कागद लावून एका पॅसेजचे सात पॅसेज करण्यात आले. सातही पॅसेजमध्ये आमचं चपलांचं कपाट दिसतं. संहितेत त्याचा उल्लेख 'प्राणवायू नियंत्रण कक्ष' असा आहे.

मग माझा पोशाख आला. जुन्या गादीचा फोम, बबल रॅप, सायकलच्या फुटक्या ट्यूबा, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारा गरम गोंद. मी नाक मुरडलं. लगेच शास्त्राधार. १९५३ साली 'रोबॉट मॉन्स्टर' करणाऱ्याला यंत्रमानवाचा पोशाख परवडत नव्हता. त्याने स्वतःच्या मालकीचा गोरिलाचा पोशाख असलेला नट गाठला, त्याच्या डोक्यावर पाणबुड्याच्या टोपासारखं शिरस्त्राण चढवलं आणि चार दिवसांत सिनेमा उरकला.

"चालला का?"

"आजही लोक बघतात." ते हसायला बघतात, हे त्याने तेव्हा सांगितलं नाही.

"आणि 'डार्क स्टार' घे," तो पुढे म्हणाला. "१९७४. जॉन कार्पेंटरचा पहिला मोठा सिनेमा. त्यातला परग्रहवासी म्हणजे समुद्रावर खेळतात तो हवेचा चेंडू. खाली पंजे चिकटवलेले!"

"मग चेंडूच घे ना. त्याला बाथरूमला जावं लागत नाही."

"अरे, त्या चेंडूच्या मागे जो नट धावतो ना, डॅन ओबॅनन, त्यानेच पुढे 'एलियन' लिहिला. पाच वर्षांत! विचार कर, पाच वर्षांनी तू कुठे असशील."

मी विचार केला. हाडांच्या डॉक्टरकडे.

हा पोशाख अंगावर चढवत नाहीत, माणूस त्यात भरतात. चेन पाठीला, आणि चेनवरून ट्यूब चिकटवलेली, म्हणजे सकाळी दहाला आत गेलेला माणूस दिग्दर्शकाच्या मर्जीशिवाय बाहेर येत नाही. डोळ्यांची भोकं माझ्या डोळ्यांपेक्षा दोन बोटं खाली होती. मला फक्त माझेच पाय दिसत. एखादी शास्त्रज्ञ बाई जिवाच्या आकांताने किंचाळत पळाली की मी आवाजाच्या रोखाने मागे जायचो. दोनदा मी प्राणवायू नियंत्रण कक्षाला धडकलो आणि एकदा तर भलत्याच उत्साहात कॅमेरामनवर चाल करून गेलो. नाकाला खाज सुटली की बाहेरून फोम दाबायचा आणि आत काही पोचतंय का ते पाहायचं. काहीच पोचत नाही. खिडक्यांना ब्लँकेटं लावलेली, कारण अंतराळात ऊन नसतं. पंखा बंद, कारण माइकमध्ये घरघर येते. माझा श्वाससुद्धा फार मोठा आहे असं रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाचं म्हणणं पडलं. "काका, जरा कमी घ्या ना," तो म्हणाला. 'काका' त्याहून लागलं.

फ्रिजही बंद. यावर सिनेमावाल्यांची एक जुनी युक्ती आहे: फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे घरी निघताना किल्ली शोधावी लागते आणि फ्रिज सुरू करायची आठवण होते. छानच युक्ती. आमच्या दिग्दर्शकाने फ्रिजमध्ये माझ्या गाडीची किल्ली ठेवली. मी माझ्याच घरात होतो, मला कुठेच जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वासानेच आठवण झाली.

रीटेकबद्दल मात्र मला गंभीरपणे बोलायचं आहे. २००४ सालचा 'प्रायमर' सात हजार डॉलरमध्ये झाला आणि सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आमच्या दिग्दर्शकाचं ते आराध्यदैवत. पण तो सिनेमा खऱ्या फिल्मवर काढलेला होता. फिल्मला फुटागणिक पैसे पडतात. त्यामुळे तालमी भरपूर करायच्या आणि शॉट शक्यतो एकदाच घ्यायचा, असा तिथला मामला. आमचा सिनेमा मोबाइलवर. त्यात पुसून पुन्हा घ्यायला काहीच पडत नाही. म्हणजे कॅमेऱ्याला पडत नाही, राक्षसाला पडतं. दारातून डावा पंजा आत येतो एवढाच एक शॉट होता, त्याचे आम्ही एकतीस टेक घेतले. एकतिसावा झाल्यावर "पहिलाच बरा होता" असं ठरलं. स्वस्ताई कोणाच्या तरी अंगावरूनच जात असते आणि त्या रविवारी ते अंग फोमचं होतं.

रक्ताचा प्रश्न तसाच सुटला, म्हणजे सुटला नाही. १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, असा शास्त्राधार निघाला. माझ्या मृत्यूच्या प्रसंगाला माझ्यावर दोन बाटल्या ओतल्या. मी पॅसेजमध्ये मरून पडलो आणि तीन शास्त्रज्ञ माझ्या देहाभोवती उभे राहून मानवजातीच्या भवितव्यावर बोलू लागले. संवाद लांब होते. पहिली मुंगी दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या भाषणात आली. ती ट्यूबेच्या फटीतून आत गेली, पोटरीवर थांबली आणि बहुधा परत जाऊन तिने घरच्यांना सांगितलं. मेलेल्या माणसाला खाजवता येत नाही. मी दात आवळून पडून राहिलो, पण बबल रॅप दगा देतो. आतून थोडं जरी हललं की फट् असा आवाज होतो. भाषणभर माझं प्रेत फटफटत होतं. "अवयव आतून फुटतायत," दिग्दर्शक आनंदाने कुजबुजला. "ठेवू या."

रात्री लॅपटॉपवर बघितलं तर पडद्यावर चॉकलेट होतं. म्हणजे अगदी चॉकलेटच. बाजूला चमचा ठेवला असता तर जाहिरात झाली असती. तो जुना सिनेमा कृष्णधवल होता ही बारीकशी बाब शास्त्राधारातून निसटली होती. "काही हरकत नाही," दिग्दर्शक म्हणाला, "आपणही कृष्णधवल करू." एक बटण दाबलं. रक्त झकास काळंभोर झालं आणि त्याच क्षणी माझे लाल, निळे, हिरवे, पिवळे सातही पॅसेज एकसारखे करडे होऊन गेले. आता शास्त्रज्ञ एकाच चपलांच्या कपाटावरून सात वेळा पळत जातात. त्यावर यान काळाच्या भोवऱ्यात अडकलंय असं एक वाक्य नंतर घुसडण्यात आलं.

शेवटचं काम 'रूम टोन'चं. पुढे संवाद जोडताना सांधे कळू नयेत म्हणून रिकाम्या खोलीची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करतात. सगळ्यांनी जागच्या जागी स्तब्ध उभं राहायचं. सकाळी दहापासून आत भरलेला मी, दुपारचे साडेतीन वाजलेले, पोटात एक कण नाही. अठराव्या सेकंदाला माझं पोट बोललं. बोललं म्हणजे, खोल कुठूनतरी सुरू होऊन वर चढत गेलं, वळलं आणि एक प्रश्न विचारून थांबलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी. "कोणी हलू नका. परत येईल तो."

दोन महिन्यांनी सिनेमा दाखवला. प्रेक्षक पंचवीस, त्यातले निम्मे त्यात काम केलेले. संकलनाच्या टेबलावर दिग्दर्शकाला नवा शास्त्राधार सापडला होता: राक्षस दिसत नाही तोवरच भीती वाटते. त्यामुळे मी कुठेच नव्हतो. एकतिसांतला पहिला पंजा नव्हता, माझं फटफटणारं प्रेत नव्हतं, शास्त्रज्ञ नुसतेच जमिनीकडे बघून भाषण करत होते. होता तो फक्त आवाज. काळोख्या पॅसेजमध्ये बाई एकटी उभी राहते, सगळं शांत होतं, आणि मग ते खालून सुरू होतं, चढतं, वळतं.

पुढच्या रांगेतली मुलगी खरोखर किंचाळली. कोणीतरी खुर्चीवर पाय वर घेतले. माझ्या शेजारी बायको शांतपणे पडद्याकडे बघत बसली होती.

"तुम्हीच ना हे?" तिने हळूच विचारलं. "जेवायला दिलं नव्हतं का त्या दिवशी?"