दोन अधिक दोन चार होतात हे मला माहीत आहे हो!

आज दुपारी फोनवर गिऱ्हाईक. "जीएसटी धरून किती होतात तेवढं पटकन सांगा." म्हटलं, सांगतो. ऑल्ट-स्पेस दाबलं, लाँचरच्या (नाव टाइप केलं की प्रोग्रॅम नाहीतर फाइल उघडून देणारं, वर गणितही करणारं साधन) पट्टीत १२५००+१८% टाकलं. उत्तर? १२५००.१८. अठरा पैसे! साडेबारा हजारांवर सरकार अठरा पैसे कर घेणार असेल तर मी जीएसटी भवनाच्या दारात उभा राहून पेढे वाटतो.

गणिताच्या मास्तरांनी लगेच बोट वर करू नये. १८% म्हणजे ०.१८, ते मिळवलं, चुकलं कुठे, हे मलाही कळतं. पण तेच फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं की १४७५० येतात. दोन्ही रीती चालतात. तुम्ही कुठली धरलीत ते लिहा ना कुठेतरी!

म्हणून मदतीचं पान उघडलं. थीम कशी बदलायची यावर भलंमोठं प्रकरण. आयकॉन गोल हवेत की चौकोनी, त्यावर आणखी एक. आणि कॅल्क्युलेटरबद्दल? "पट्टीत गणित टाइप करा, उत्तर लगेच दिसेल. उदा. २+२." संपलं. खाली एक हलतं चित्र. त्यात कोणीतरी आरामात २ दाबतो, मग +, मग पुन्हा २, आणि मोठ्या ऐटीत ४ उगवतो. पुन्हा पहिल्यापासून. अरे, बालवाडीत सोडलंय का मला?

मग काय, बसलो चाचपडत. "अठरा टक्के ऑफ साडेबारा हजार" असं इंग्रजीत टाकलं तर ब्राउझर उघडून जाहिराती दाखवायला लागला. १२५००*१८% ला २२५० आले. चला, टक्के कळतात म्हणायचे. मग १२५००%१८ टाकलं, आले ८. आठ कुठून आले? तर साहेबांनी १८ ने भागून बाकी काढली! म्हणजे % च्या पुढे काही नसेल तर ते टक्के, आकडा असेल तर बाकी. हे एक वाक्य लिहायला कोणाच्या बापाचं काय जात होतं? ज्याने हा नियम कोडमध्ये घातला त्याला तो माहीत होता ना? की त्यालाही २+२ चंच चित्र दाखवलं होतं?

एवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आमच्या अकाउंट्सच्या मॅडम, मान वर न करता: "चौदा हजार सातशे पन्नास. एक पॉइंट अठराने गुणायचं की हो सरळ." त्यांचा तो जुना कॅसिओ, त्यावरचे आकडे पुसलेले. मी इकडे ३२ जीबी रॅम घेऊन बसलोय आणि गिऱ्हाइकाने फोन कधीच ठेवलाय. असो. दोन सेकंद वाचवायला घेतलेल्या साधनावर माझी अर्धी दुपार गेली, यावर घरी कोणी काही विचारू नये.

पण विषय निघालाच आहे तर तो स्वल्पविराम! बँकेच्या पानावरून १,२५,००० कॉपी करून चिकटवले की हा मख्ख. हजारांचे गट तीन-तीनचेच असतात अशी कोणीतरी शपथ दिलीय त्याला. देवनागरी आकडे टाकले तर त्या नावाची फाइल शोधतो. साइन(३०) ला उणे ०.९८८ देतो, म्हणजे कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये धरतो. लॉग १० च्या पायाचा की नैसर्गिक? तर १०० टाकून बघा आणि ओळखा. २ आला तर दहाचा, ४.६ आला तर दुसरा. आणि एंटर दाबल्यावर उत्तर कॉपी होतं की पट्टीच गायब होते, तो त्या-त्या दिवसाचा मूड.

युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीवर १९७५ पासून बीसी नावाचा कॅल्क्युलेटर आहे. दिसायला काळीकुट्ट खिडकी, ७/२ टाकलं तर ३ म्हणतो. पण मॅन्युअलमध्ये लिहून ठेवलंय: स्केल (दशांशचिन्हापुढे किती आकडे ठेवायचे ते) शून्य आहे, दशांश हवे असतील तर वाढवा. लॉरिंडा चेरी आणि रॉबर्ट मॉरिस यांनी तेव्हा त्याच्या व्याकरणावर रीतसर टिपण लिहिलं. एक्सेलचंच घ्या. =-२^२ ला ४ देतं, पुष्कळांना पटत नाही, पण उणे चिन्ह आधी आणि घात नंतर हा क्रम त्यांच्या मदतीच्या तक्त्यात छापलेला आहे. भांडायला निदान कागद तरी हातात असतो.

आत्ता हे लिहिता लिहिता खाली कोपऱ्यात अपडेटची खिडकी आली. "कॅल्क्युलेटर आता आणखी स्मार्ट!" काय स्मार्ट झालं त्याचं अक्षर नाही. डार्क थीममध्ये दोन नव्या छटा आल्यात, त्यांचं मात्र चित्रासकट वर्णन आहे.