तब्येत आधी की कट्टा आधी?

लेखात म्हटलंय की चारचौघांत मिसळणारे ज्येष्ठ स्वतःची तब्येत चांगली सांगतात, पटलं, पण उलटंही असतंच ना, गुडघे धड असले तरच माणूस जिना उतरून कट्ट्यावर जाणार! २०१७-१८ च्या 'लासी' सर्व्हेत, म्हणजे वय वाढलेल्यांच्या तब्येतीच्या देशभरातल्या पाहणीत, ४५ च्या पुढचे नि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर लोकांना विचारलं होतं, पण एकदाच विचारून आधी काय नि नंतर काय ते कसं कळणार, तीच माणसं परत गाठायला हवीत. बाकी आमच्या आईची शुगर रिपोर्टात तेवढीच असते, पण भजनी मंडळातून टाळ कुटून आली की "मला काय धाड भरलीय" आणि पावसात घरात अडकली की तेच गुडघे, तीच बीपीची गोळी अन् "आता काही खरं नाही बाबा". लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगांचं बघा आधी कुणीतरी.