गुरमत शिबिर: सात दिवसांत सगळा धर्म कोंबू नका

उन्हाळी सुट्टी लागली की गुरुद्वाऱ्यांच्या फलकांवर गुरमत शिबिराचे, म्हणजे शीख मुलांच्या धर्मशिक्षणाच्या शिबिराचे, कागद झळकतात. पंजाबात जूनमध्ये, आपल्याकडे नांदेड-पुणे-मुंबईत एप्रिल-मेमध्ये, इंग्लंड-कॅनडात शाळा सुटल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये. कागदावरचं वेळापत्रक वाचलं की धडकी भरते. दहा गुरूंचा इतिहास, नितनेम (रोजचा पाठ), गुरुमुखी (पंजाबीची लिपी), कीर्तन, गतका (शिखांची युद्धकला), दस्तार (पगडी), भाषणस्पर्धा, प्रश्नमंजूषा, आणि हे सगळं सात दिवसांत. मुलं दमतात, सेवादार, म्हणजे शिबिरातले स्वयंसेवक, ओरडून ओरडून घसा बसवून घेतात आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटून फोटो निघतात. महिन्याभराने मुलाला विचारा, हाताशी काय उरलं? बहुतेक वेळा एक टी-शर्ट.

माझं स्पष्ट मत आहे की सात दिवसांच्या शिबिराने प्रत्येक मुलाला घरी जाऊन एकट्याने करता येईल अशी एकच गोष्ट पक्की द्यावी. कुणी स्वतःची दस्तार स्वतः बांधायला शिकेल, कुणी गुरुमुखी अक्षरं लावून वाचेल, कुणी एक शबद, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबांतलं पद, वाजा (पेटी) आणि तबल्यावर म्हणेल. बाकी सगळं त्याच्या भोवतीने होऊ द्या. पहिल्याच दिवशी मुलाला विचारून ती गोष्ट ठरवा आणि नावापुढे वहीत लिहा. सात ते दहा, अकरा ते चौदा आणि पंधरा ते अठरा असे तीन वयोगट करा. आठ मुलांमागे एक सेवादार हवा. पंधरा मुलं एकाकडे दिली की तो शिकवत नाही, फक्त मोजत बसतो.

दस्तारीपासून सुरुवात करू, कारण शिबिराची सकाळ तिच्यावरच अडते. चाळीस मुलगे पाच वाजता उठवायचे, केस विंचरायचे, जूडा (डोक्यावरचा अंबाडा) करायचा, पटका (डोक्याला बांधायचं छोटं कापड) किंवा दस्तार बांधायची आणि साडेपाचला नितनेमाला बसवायचं, हे गणित बसत नाही. लहान मुलांना स्वतःचा जूडा करता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी हात लागतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ही सेवा नेमून द्या, प्रत्येकाकडे तीन लहान मुलं. तासाभरात काम होतं आणि मोठ्या मुलांची शिबिराशी नाळही इथेच जुळते.

शिकवताना कापड आधी बघा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला साडेतीन ते चार मीटर पुरतं, मोठ्यांना पाच-सहा मीटर. फुल व्हॉइल किंवा रुबिया चालतं. निसरडं सिंथेटिक कापड शिकणाऱ्याच्या हातात देऊ नका, त्याला एकही लड (दस्तारीचा वेढा) धरून ठेवता येणार नाही. कापडावर पाण्याचा हलका फवारा मारायचा, ओलं करायचं नाही. मग दोघांनी दोन टोकं धरून पूनी, म्हणजे कापडाची लांब घडी, करायची. आधी ताणायचं, मग रुंदीत अर्ध्यावर घडी, पुन्हा अर्ध्यावर. घाई होते ती इथेच. पूनीत एक जरी सुरकुती राहिली तरी ती वरच्या लडीत दिसतेच, आणि मुलाला वाटतं आपल्याला बांधताच येत नाही. एक टोक दातात धरून पहिली लड कपाळावरून तिरकी घ्यायची. पहिली लड फार वर गेली की कान उघडे पडतात, फार खाली आली की भुवया दाबल्या जाऊन तासाभरात डोकं ठणकतं. दस्तार मागे घसरत असेल तर दोष बहुधा लडींचा नसतो, जूड्याचा असतो. जूडा टाळूच्या पुढच्या बाजूला, घट्ट हवा. मागे सरकलेल्या जूड्यावर कितीही सुंदर लडी घातल्या तरी खेळताना सगळं मागे जातं. लडी शेवटी बाजाने, म्हणजे त्या पातळ सळईने, आत खोचून सारख्या करायच्या. रोज दोनदा बांधून सोडली तर चौथ्या-पाचव्या दिवशी बारा वर्षांचं मूल आरशासमोर एकट्याने बांधतं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यापुढे कुठलीही ट्रॉफी फिकी आहे. म्हणून दस्तार-स्पर्धा मला नको वाटतात. ज्याचे वडील घरी रोज शिकवतात तोच जिंकतो, आणि ज्याच्यासाठी शिबिर भरवलं तो मागच्या रांगेत टाळ्या वाजवतो.

केसांबद्दल आणखी दोन गोष्टी. केस धुण्याचा दिवस वेळापत्रकात लिहूनच ठेवा, शक्यतो चौथा, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत दुसरं काही ठेवू नका. ओल्या केसांवर पटका बांधला की वास येतो, खाज सुटते आणि केस तुटतात. दुसरी गोष्ट उवांची, ज्यावर कुणी बोलत नाही. लांब केसांची मुलं एकाच हॉलमध्ये गाद्या लावून झोपली की एका डोक्यावरच्या उवा आठवड्यात दहा डोक्यांवर जातात. पहिल्या दिवशी आडोशाला, एकेकाला बाजूला घेऊन डोकं बघा, चारचौघांत नाही. प्रत्येकाचा कंगा वेगळा, पटका आणि उशीही वेगळी. औषध लावलं तर ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवा. लिखा फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दुसऱ्यांदा बघायचं काम घरी करावं लागेल हे पालकांना फोनवर सांगा.

गुरुमुखीचा वर्ग महाराष्ट्रातल्या मुलांसाठी वेगळ्या पद्धतीने घ्यायला हवा. पंजाबातून आलेले ग्यानीजी (धर्मशिक्षक) बहुधा पैंतीपासून सुरू करतात, ऊडा, ऐडा, ईडी, अशी पस्तीस अक्षरं, शिवाय बिंदीवाली (टिंब दिलेली) सहा. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला 'क' म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. ध्वनी त्याच्याकडे आहेत, फक्त आकार नवे आहेत. काही आकार ओळखीचे वाटून फसवतात, आणि मूल अडखळतं ते तिथेच. गुरुमुखीचा 'स' देवनागरी 'म'सारखा दिसतो, 'ध' थेट 'प'सारखा. अशी फसवी अक्षरं पहिल्या दिवशी वेगळ्या तक्त्यावर मोठी काढून भिंतीला लावा. 'ट', 'ठ', 'ग' अशी जवळची अक्षरं मुलं न शिकवता वाचतात, त्यावर वेळ घालवू नका.

दुसरी अडचण मात्रांची. मूलमंत्रात, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबांच्या सुरुवातीच्या मंत्रात, 'सति नामु' लिहिलेलं असतं, 'त'ला सिहारी (ऱ्हस्व इकार), 'म'ला औंकड (ऱ्हस्व उकार). मराठी मूल दिसेल तसं वाचतं, कारण त्याला शाळेत तेच शिकवलंय. बाणीत, म्हणजे ग्रंथातल्या पवित्र वचनांत, शब्दाच्या शेवटच्या ऱ्हस्व मात्रा पुष्कळदा व्याकरणाचं काम करतात आणि उच्चार 'सत नाम' असा होतो. हे कारण सांगितलं तर दहा वर्षांच्या मुलालाही पटतं. नुसतं 'चूक, परत म्हण' केलं तर ते वाचणंच सोडतं आणि ऐकून पाठ करतं. देवनागरी गुटक्याला, म्हणजे नितनेमाच्या छोट्या पोथीला, माझा विरोध नाही. नितनेमाला हातात तोच असू द्या, अक्षरांच्या वर्गात मात्र तो बाजूला ठेवा. आणि गुटके झोपायच्या हॉलमध्ये बुटांच्या पिशवीत सापडतात ते मुलांच्या बेपर्वाईने नाही, तर आपण त्यांना उंचावर एक स्वच्छ फळी आणि रुमाल दिला नाही म्हणून.

नितनेमात लहानांवर दया करा. जपजी साहिब या सकाळच्या बाणीच्या अडतीस पौड्या (कडवी) संथ वाचल्या तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सात वर्षांच्या मुलाला पहिल्या पाच पौड्या पुरेत, मग त्याला उठून दुसऱ्या खोलीत जाऊ द्या. संध्याकाळी रहरासचा पाठ सगळ्यांनी मिळून, आणि झोपताना सोहिला. पाच शबदांची ही छोटी बाणी मुलांची सर्वांत लवकर पाठ होते. भाड्याच्या जागेत शिबिर असेल, शाळा किंवा मंगल कार्यालय, तर तिथे गुरू ग्रंथ साहिबांचा प्रकाश करण्याआधी, म्हणजे ग्रंथ विधीने उघडून ठेवण्याआधी, दहादा विचार करा. वेगळी स्वच्छ खोली, सतत हजर राहणारा सेवादार, रात्रीचं सुखासन (ग्रंथ मिटून विश्रांतीला ठेवणं), येण्याजाण्याची मर्यादा, हे जमणार नसेल तर सकाळी मुलांना जवळच्या गुरुद्वाऱ्यात न्या. अर्धवट मर्यादा बघून मुलं अर्धवट मर्यादाच शिकतात.

कीर्तनाला पंधरा मुलांत एक वाजा ठेवला तर चौदा मुलं वाजवणाऱ्याची बोटं बघत बसतात. चार मुलांत एक वाजा मिळत नसेल तर गटच लहान करा आणि बाकीच्यांना हातावर ताल द्यायला बसवा. ताल केरवा, आठ मात्रांचा, तोच मुलांच्या अंगात आधी भिनतो. तीनतालाच्या सोळा मात्रा पुढच्या वर्षी. शबद एकच घ्या, आणि महाराष्ट्रातल्या शिबिरात तो संत नामदेवांचा असावा हा माझा आग्रह आहे. गुरू ग्रंथ साहिबांत त्यांचे ६१ शबद आहेत. नामदेव आषाढीच्या वारीत भेटतात, शाळेच्या पुस्तकात भेटतात, आणि तेच नामदेव अमृतसरच्या दरबार साहिबमध्ये गायले जातात हे कळलं की मराठी शाळेत 'तू पंजाबी का?' हा प्रश्न रोज झेलणाऱ्या मुलाचा ताठरपणा गळून पडतो. २०१५चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला भरलं होतं ते नामदेवांमुळेच, हेही मोठ्या मुलांना सांगा.

नांदेडला तर इतिहासाचा वर्ग खोलीत घेणं हा करंटेपणा आहे. १७०८ साली दशमेश पिता, दहावे गुरू गोविंदसिंग, इथे आले, इथेच माधोदास बैराग्याचा बंदासिंग झाला, इथेच गुरुगद्दी ग्रंथ साहिबांना दिली गेली. नगीना घाट, बंदा घाट, माळटेकडी, संगत साहिब, एकेक सकाळ एकेका जागेला द्या आणि त्या जागेपुरतंच बोला. मात्र मे महिन्यात साडेआठच्या आत परत या. पारा बेचाळीसच्या वर जातो आणि लहान मुलं भोवळ येईपर्यंत तहान लागल्याचं सांगत नाहीत. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, सेवादाराच्या पिशवीत ओआरएस. छोट्या साहिबजाद्यांचा, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या दोन मुलांचा, इतिहास सांगायलाच हवा, पण रात्री दिवे मालवण्याआधी नाही. सात-आठ वर्षांचं, पहिल्यांदाच आईपासून लांब झोपणारं मूल सरहिंदच्या भिंतीत त्यांना जिवंत चिणल्याचं ऐकून रात्रभर जागं राहतं. तो दिवसा सांगा, आणि नंतर प्रश्नांना वेळ ठेवा.

गतका म्हणजे मुलांचा जीव की प्राण, आणि जखमा होतात त्याही इथेच. पहिले दोन दिवस हातात काहीच देऊ नका, फक्त पैंतरा, म्हणजे पायांच्या हालचाली. पाय बसल्याशिवाय सोटी दिली की मूल जागेवर उभं राहून नुसते हात फिरवतं आणि समोरच्याच्या बोटांवर मारतं. तिसऱ्या दिवशी साधारण तीन फुटांची सोटी आणि फरी (छोटी ढाल). दोन जोड्यांमध्ये दोघांच्या सोट्या पसरल्या तरी भिडणार नाहीत इतकं अंतर हवं. आदल्या संध्याकाळी मैदानातले खडे वेचणं हा मुलांचाच खेळ करा. खरी शस्त्रं फक्त उस्तादांच्या हातात. मुलींना वेगळा, सोपा गतका देण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती बंद व्हायला हवी.

लंगरची सेवा हा माझ्या मते शिबिराचा सर्वांत चांगला वर्ग आहे. शंभर जणांना माणशी तीन रोट्या धरल्या तर दहा-अकरा किलो कणीक लागते, सुकी डाळ पाच-सहा किलो. हा हिशेब अकरा-चौदा वयोगटाला वहीत करायला लावा, मग स्वतः मोजून घेऊ द्या. लाटणं, वाढणं, पंगतीत पाणी देणं, भांडी घासणं सगळ्यांना, मुलग्यांनाही. कडाह प्रसादाची (शिऱ्यासारख्या प्रसादाची) कढई मात्र मोठ्यांकडेच. कणीक, तूप, साखर समसमान. कणीक बदामी होईपर्यंत भाजून गरम पाक ओतला की तो भसकन उसळतो आणि मनगटं भाजतात. मुलांनी चार हात लांबून बघावं, मूलमंत्राचा जप करावा. गार पाणी ओतलं की गुठळ्या होतात, हेही बघूनच कळतं.

पंधरा-अठराच्या गटाला व्याख्यानं नकोत, एक चिठ्ठ्यांचा डबा हवा. नाव न लिहिता प्रश्न टाकायचे, रोज संध्याकाळी पाऊण तास उत्तरं. केस का ठेवायचे, गुरूंनी जात नाकारली तर लग्नाच्या जाहिरातीत जात का येते, वर्गात डोक्यावरून चिडवतात तेव्हा काय करायचं, असेच प्रश्न येतात. उत्तर माहीत नसेल तर वीरजींनी किंवा भैणजींनी (शिबिरातल्या दादा-ताईंनी) 'उद्या विचारून सांगतो' म्हणावं आणि उद्या खरंच सांगावं. प्रश्न विचारणाऱ्याला नास्तिक ठरवलं की दुसऱ्या दिवशी डबा रिकामा येतो.

याहून मोठी चूक म्हणजे केस कापलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करणं. ते मूल मुळात शिबिराला आलं हीच मोठी गोष्ट आहे. त्याला रुमाल द्या, पंगतीत बसवा, सोटी द्या. तसंच, शेवटच्या दिवशी किती मुलांनी अमृत घेतलं, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा घेतली, याचा आकडा मंचावरून सांगणं थांबवा. आठवडाभराच्या उत्साहात, मित्र उठला म्हणून उठलेल्या बारा वर्षांच्या मुलाने घेतलेला निर्णय पुढे त्यालाच एकट्याने निभवायचा असतो. शिकलकरी आणि बंजारा वस्त्यांतल्या मुलांकडून फी घेऊ नका, आणि त्यांना दस्तारीचं कापड देताना वेगळी रांग लावू नका, सगळ्यांबरोबरच द्या.

सुरक्षेत संकोच नको. मुलींच्या झोपण्याच्या जागेत रात्री महिला सेवादारच. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नाही, मग तो कितीही आदरणीय असो. औषधं आणि ॲलर्जीची यादी स्वयंपाकघरातही लावा. मूल कोण घेऊन जाणार ते नाव आधी लिहून घ्या, आणि त्याच माणसाच्या हाती सोपवा.

संध्याकाळी पाचनंतरचे दोन तास कबड्डी, फुटबॉल, खो-खो यांचे. शिस्त मोडली म्हणून खेळ बंद ही शिक्षा कधीच देऊ नका. पुढच्या वर्षी मूल परत येतं ते बहुतेक इथे झालेल्या मित्रांसाठी, आणि त्यात काही कमीपणा नाही. संगत अशीच जमते.

आणि निरोपाच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर एक कागद द्या. त्यावर मुलाने शिकलेली ती एक गोष्ट, ती रोज किती मिनिटं करायची, आणि गुरुद्वाऱ्यातल्या रविवारच्या वर्गाची पहिली तारीख व वेळ. वर्ग घ्यायला दोन माणसं आधीच ठरलेली असू द्या. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून हा वर्ग त्याआधीच सुरू झाला पाहिजे. एकदा गृहपाठ आणि शिकवण्या लागल्या की नवीन काहीही रविवारी घुसत नाही.