‘अस्पर्शित समुद्र’ कधीच नव्हता

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्राचीन काळी किनाऱ्यावरची माणसं ओहोटीला हाताशी येईल तेवढंच वेचत, त्यामुळे समुद्राला धक्काही लागत नसे, त्यांनी समुद्रातून घेतलं, वाढवलं काही नाही, खरी नासाडी यंत्रबोटींनी केली, आणि माणसाला किनाऱ्यावरून हटवलं की समुद्र आपोआप पूर्वीसारखा होईल. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना समुद्राची काळजी आहे, ती मलाही आहे. म्हणूनच यातलं एकेक विधान तपासायला हवं.

‘हाताशी येईल तेवढंच वेचत.’ सुरुवात तशी झाली असेलही. दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंटच्या गुहेत सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वी माणसांनी खाल्लेल्या शिंपल्यांचे अवशेष मिळाले. पण पूर्व तिमोरच्या जेरिमलाई गुहेत ४२,००० वर्षांपूर्वीपासूनच्या थरांत ट्यूनासारख्या वेगवान माशांची हाडं आहेत, आणि त्या बेटावर पोहोचायलाच समुद्र ओलांडावा लागतो. ओकिनावातल्या एका गुहेत शिंपल्यापासून घडवलेले २३,००० वर्षांपूर्वीचे गळ सापडले. हे नुसतं वेचणं नव्हे.

‘समुद्राला धक्काही लागत नसे.’ याचं उत्तर त्या माणसांच्या उकिरड्यांतच आहे. अ‍ॅल्युशन या अलास्काजवळच्या बेटांपैकी आमचिट्कावर अशा उकिरड्यांतले सुमारे २,५०० वर्षांचे थर तपासले गेले आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुद्री पाणमांजर सी-अर्चिन नावाचे काटेरी, गोल प्राणी खातं, आणि सी-अर्चिन केल्प नावाचं उंच शेवाळ कुरतडतात. अ‍ॅल्यूट या तिथल्या मूळ रहिवाशांनी वस्तीजवळची पाणमांजरं मारली की सी-अर्चिन माजत, केल्पची जंगलं विरळ होत, त्यांतले मासे कमी होत. म्हणजे काही होड्या आणि भाले एवढ्या बळावर किनाऱ्याचा एकेक पट्टा एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर चेंडायटीस नावाचं न उडणारं समुद्री बदक होतं. ते सुमारे २,४०० वर्षांपूर्वी नामशेष झालं, आणि त्याची हाडं शिकाऱ्यांच्या उकिरड्यांत आहेत.

मात्र यावरून ‘माणूस सगळीकडे सारखाच, आजचंही चालायचंच’ असं कुणी म्हणू नये. त्या बदकाची शिकार संपूर्ण नाश होईपर्यंत सुमारे ८,००० वर्षं चालली होती. उलट स्टेलरची समुद्रगाय हा भलामोठा सस्तन प्राणी १७४१ मध्ये युरोपीय खलाशांना दिसली आणि १७६८ पर्यंत संपली. वेगातला हा फरक प्रचंड आहे, आणि मूळ मजकुरातला राग त्यापुरता रास्त आहे.

‘घेतलं, वाढवलं काही नाही.’ हे विधान मला सर्वांत जास्त खटकतं, कारण ते पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट पुसून टाकतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मूळ रहिवाशांनी तिसऱ्यांच्या, म्हणजे वाळूत राहणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांच्या, बागा बांधल्या. सर्वांत खालच्या ओहोटीच्या रेषेवर दगड लोटून बुटकी भिंत रचायची. तिच्यामागे वाळू-गाळ साचतो, उतार सपाट होतो, आणि ज्या पातळीला तिसऱ्या सर्वांत चांगल्या वाढतात तो पट्टा रुंदावतो. काढणी करताना वाळू उकरली जाई, त्यामुळे ती भुसभुशीत राही. मोठे दगड उचलून भिंतीवर जात. क्वाड्रा बेटावरच्या काही भिंती किमान ३,५०० वर्षं जुन्या आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत बिनभिंतीच्या किनाऱ्यांपेक्षा या बागांत तिसऱ्यांच्या दोन जातींपैकी बटर क्लॅम चौपट आणि लिटलनेक दुपटीहून जास्त आढळल्या. भूशास्त्रज्ञ जॉन हार्पर यांना १९९५ मध्ये हवाई पाहणीत या रांगा दिसल्या, तेव्हा त्या कशामुळे तयार झाल्या हेच कळेना. तिथल्या जाणत्या वडीलधाऱ्यांना मात्र ते पहिल्यापासून ठाऊक होतं. हवाईतल्या मत्स्यतळ्यांचंही तसंच: दगडी बांध आणि त्यात जाळीची दारं, ज्यांतून पिल्लं आत येतात आणि पोसलेला मासा बाहेर जाऊ शकत नाही.

‘माणूस हटवला की समुद्र पूर्वीसारखा.’ कोणत्या पूर्वीसारखा? कॅलिफोर्नियात फरच्या व्यापाराने पाणमांजरं जवळजवळ संपवली आणि तिथल्या मूळ रहिवासी चुमाश लोकांना किनाऱ्याजवळच्या बेटांवरून हलवलं गेलं. ॲबलोनी नावाचे खडकाला चिकटणारे मोठे शिंपले खाणारे हे दोघेही गेल्यावर ते शिंपले बेसुमार वाढले, आणि १८५०च्या दशकात चिनी स्थलांतरितांनी तिथे त्यांची मासेमारी सुरू केली. नंतरच्या लोकांनी तीच विपुलता मूळ निसर्ग म्हणून गृहीत धरली. प्रत्यक्षात ती माणसांना आणि पाणमांजरांना हुसकावल्याचा परिणाम होती. तिसऱ्यांच्या बागाही एकट्या सोडल्या तर सुधारत नाहीत: उकरणं थांबलं की वाळू घट्ट बसते, भिंतीचे दगड ढासळतात.

म्हणूनच कॅनडातल्या गल्फ आयलंड्स राष्ट्रीय उद्यान राखीव क्षेत्रात २०१४ पासून उलटी वाट धरली आहे. तिथल्या मूळ समाजांतली ज्येष्ठ मंडळी सांगतात तशा जुन्या भिंती पुन्हा रचल्या जातात, वाळू उकरली जाते, आणि त्या कामात उद्यानाचे कर्मचारी त्यांच्या बरोबरीने उभे असतात.