भुताची डागडुजी

बायको-मुलं गावाला. दिवे बंद, हेडफोन कानात, भुताचा खेळ सुरू केला आणि पडद्यावर पट्टी आली: अपडेट आवश्यक, ३८ जीबी. खेळाचं नाव घेत नाही. पैसे मोजून घेतलेल्या भुताला भेटायलाही ज्यांची परवानगी लागते, त्यांची जाहिरात मी का करू?

तेवढ्यात शेजारचे नाना आले. त्यांचं नेट गेलं होतं. नाना पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले, पण दुरुस्तीचं काम दिसलं की अजून खुर्ची ओढून बसतात.

"काय चाललंय?"

"दुरुस्ती. खेळातल्या चुका काढतायत."

"कुणाच्या?"

"भुताच्या."

नानांनी चष्मा पुसला. सोबत दुरुस्त्यांची लांबलचक यादी आली होती, ती त्यांनी मला कलमवार वाचायला लावली.

"भूत भिंतीतून आरपार जायचं, ते बंद केलंय."

"बंद? मग येणार कुठून?"

"दारातून."

"बेल वाजवून?"

मी पुढचं कलम घेतलं. "कपाटात लपलेला माणूस भुताला आता दिसणार नाही."

"म्हणजे आहे त्या भुताला अधू केलं. पुढे?"

"भूत जिन्यात अडकून पडायचं, ते सोडवलंय."

इथे मात्र नाना हळहळले. "कधीपासून होतं रे अडकून?"

"खेळ आला तेव्हापासून. मार्चपासून."

"आणि एकानंही साइटवर जाऊन पाहिलं नाही!"

मग आजोळ निघालं. तिथल्या पिंपळावर म्हणे मुंजा होता, नानांच्या आजोबांच्या लहानपणापासून. एका अमावास्येलाही बिघडला नाही. चकवा तर भल्याभल्यांना रात्रभर एकाच बांधावर फिरवायचा. हडळ, खवीस, समंध, सगळे आले तसे शेवटपर्यंत चालले. "कुणाला काय लागलं? फार तर नारळ."

नवीन भुतांची बाजू सावरायला मी 'सायलेंट हिल' या भुताच्या खेळाचा विषय काढला. १९९९ साली तो ज्या यंत्रावर चालायचा, त्याला लांबचं चित्र काढणं झेपत नव्हतं, म्हणून करणाऱ्यांनी गावभर धुकं भरलं, आणि जगाची त्या धुक्यानंच गाळण उडाली. पण २०१२ साली त्याच मालिकेतले पुढचे दोन भाग नव्यानं चकचकीत करून काढले, तेव्हा धुकं विरळ झालं आणि त्यामागचं अर्धवट बांधकाम उघडं पडलं.

"बिल निघालं असेल ना पण?"

"निघालं. मग दुरुस्ती आली, तीही एकाच कंपनीच्या यंत्रासाठी. दुसऱ्या यंत्रासाठीची रद्दच केली."

"निधी संपला," नाना म्हणाले. त्यांना आता खेळ पूर्ण समजला होता.

नानांचं सोडा, पण संताप होतोच. खेळ बाजारात आल्या दिवशी पूर्ण किंमत मोजायची, वर कंपनीचा बिनपगारी तपासनीस व्हायचं. जिन्यात अडकलेलं भूत कुणी शोधून कळवलं? आमच्यासारख्यांनीच. जो शहाणा वर्षभर गप्प बसतो, त्याला तोच खेळ दुरुस्त होऊन निम्म्या किमतीत मिळतो. सीडीच्या काळात निदान एकदा विकलेलं विकलं, ही धाकधूक तरी कंपनीला होती. आता 'आधी विका, मग बघू' हाच खाक्या, आणि बघण्यासाठी लागणारा डेटासुद्धा आमच्याच खिशातून.

मध्यरात्र उलटून गेल्यावर खेळ उघडला. तर काय, जुनी सेव्ह फाइल, म्हणजे कुठवर खेळलो त्याची नोंद, नव्या आवृत्तीत चालणार नाही. ज्या तळघरातून मी जीव मुठीत धरून बाहेर पडलो होतो, ते पुन्हा पहिल्या पायरीपासून.

"लेखी तक्रार कर," नाना म्हणाले. "आणि पोच घे."

केली. पोच तत्काळ आली, तक्रार क्रमांकासह: 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. कृपया खेळ नव्याने सुरू करून पाहा.'

नानांनी ती दोनदा वाचली. "मसुदा आमच्या खात्यातून गेलेला दिसतो."