टीव्हीवर ट्रान्सजेंडर फार झाले म्हणे!

एक मेसेज सध्या या ना त्या रूपात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: पूर्वी टीव्हीवर ट्रान्सजेंडर दिसतच नसत, आता प्रत्येक मालिकेत एक घुसवतात, ते बघून मुलं तशी होतात, ट्रान्स भूमिकेला ट्रान्स नटच हवा हे निव्वळ खूळ, आणि एकूण त्यांचं उदात्तीकरण चाललं आहे.

दिसत नसत? चांगले दिसायचे. विनोदी मालिकांतला ठरलेला प्रसंग आठवा. बारमध्ये नायक एका बाईवर भाळतो. कॅमेरा उंच टाचांपासून सावकाश वर चढतो. कुणीतरी नायकाच्या कानात काहीतरी पुटपुटतं, त्याचं तोंड वाकडं होतं, तो बेसिनकडे धावतो आणि मागून ध्वनिमुद्रित हशा. त्या बाईला अख्ख्या प्रसंगात एक वाक्य नसतं. नायक पळाल्यावर कॅमेराही त्याच्याच मागे जातो, तिचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. पोलीस मालिकांत तर ती येते तीच प्रेत होऊन. शवागारात चादर उचलली जाते, डॉक्टर आणि इन्स्पेक्टर एकमेकांकडे बघतात, आणि जाहिराती सुरू. माध्यमांतल्या समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींच्या चित्रणावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या ग्लाड या संस्थेने २०१२ मध्ये मागच्या दहा वर्षांतले असे १०२ भाग आणि कथानकं तपासली. ५४ टक्के चित्रण नकारात्मक निघालं. ४० टक्के वेळा ट्रान्स पात्र कुणाच्या तरी अत्याचाराचं बळी, २१ टक्के वेळा खुनी किंवा खलनायक. पात्राच्या वाट्याला सर्वाधिक वेळा आलेला व्यवसाय देहविक्रय, २० टक्के. तेव्हा मेसेजवाल्यांची खरी तक्रार वेगळी असावी: पूर्वी दिसायचे ते हसायला किंवा घाबरायला, आता ते बोलायला लागले.

‘प्रत्येक मालिकेत’ हे तर मोजून बघता येतं. त्याच संस्थेच्या २०२३-२४ च्या मोजणीत अमेरिकेतल्या वाहिन्या आणि स्ट्रीमिंग मिळून ट्रान्स पात्रं भरली २४. आदल्या वर्षी ३२ होती. म्हणजे संख्या घटली. शेकडो मालिका बनवणाऱ्या देशातला हा आकडा आहे.

मुलांचं म्हणाल, तर बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिकविज्ञान संस्था १९१९ मध्ये उघडली आणि ट्रान्स माणसं तिथे उपचारांसाठी येत होती. नाझींनी १९३३ मध्ये ती लुटली, तिची पुस्तकं जाळली. बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली १९३६ मध्ये. ती माणसं कुठली मालिका बघून ‘तशी’ झाली होती?

नटांचा मुद्दा मात्र मला सरसकट उडवून लावता येत नाही. अभिनय म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेणंच, हे मान्य. पण ट्रान्स स्त्रीची भूमिका पुरुष नट करतो, पुढे तोच नट सूट घालून, दाढी राखून पुरस्कार घ्यायला येतो, तेव्हा प्रेक्षकाच्या मनातली ‘आतून शेवटी बाप्याच’ ही समजूत आपोआप पक्की होते. जेफ्री टॅम्बर या नटाला ‘ट्रान्सपरंट’ मालिकेतल्या अशाच भूमिकेसाठी २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षं एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. दुसऱ्यांदा ते घेताना त्यांनी मंचावरूनच सांगितलं की ट्रान्स कलाकारांना संधी द्या. अशी भूमिका करणारा मी शेवटचा पुरुष ठरलो तरी मला वाईट वाटणार नाही, असंही ते म्हणाले. शिवाय कलाकार मिळत नाहीत ही सबबही आता चालत नाही. ट्रान्स अभिनेत्री लाव्हर्न कॉक्स यांना ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ मालिकेसाठी एमीचं नामांकन मिळालं २०१४ मध्ये. (त्या मालिकेत त्यांच्या पात्राचं लिंगबदलाआधीचं रूप त्यांच्या जुळ्या भावाने साकारलं होतं. शोधायचं ठरवलं की सापडतं.) ‘पोझ’ मालिकेतल्या ट्रान्स अभिनेत्री मिकेला जे रॉड्रिगेझ यांनी २०२२ मध्ये गोल्डन ग्लोब मिळवलं.

आता या मुद्द्याला छेद देणारं उदाहरणही सांगायला हवं. ब्रिटनच्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ मालिकेमध्ये १९९८ ते २०१४ अशी सोळा वर्षं हेली क्रॉपर ही ट्रान्स स्त्री होती, आणि ती साकारणारी ज्युली हेझमंडहाल्ग ट्रान्स नव्हती. तरी प्रेक्षकांनी हेलीला आपलं मानलं. का? सुरुवातीचा गौप्यस्फोट उरकल्यावर लेखकांनी तिला कारखान्यात शिवणकामाला बसवलं, रॉयशी संसार मांडू दिला, शेजाऱ्यांशी भांडू दिलं. कायद्याने त्यांचं लग्न व्हायला मात्र मालिकेतही २०१० उजाडलं.

राहिलं उदात्तीकरण. ट्रान्स वृत्तनिवेदिकाच घ्या: पद्मिनी प्रकाश २०१४ मध्ये कोइंबतूरच्या वाहिनीवर, मार्विया मलिक २०१८ मध्ये पाकिस्तानात, तश्नुवा अनान शिशिर २०२१ मध्ये बांगलादेशात बातम्या द्यायला बसल्या. तिघींनी केलं काय? समोर आलेल्या बातम्या वाचल्या. किंवा ‘द अम्ब्रेला अकॅडमी’चा २०२२ मधला तिसरा सीझन घ्या. एलियट पेज यांनी स्वतः ट्रान्स असल्याचं जाहीर केल्यावर त्यांचं पात्रही व्हिक्टर झालं. तो केस कापून येतो, आपण कोण ते भावंडांना सांगतो, ती दोन-तीन वाक्यांत ‘बरं’ म्हणतात आणि सगळे पुन्हा जग बुडण्याच्या काळजीला लागतात. यात उदात्त काय आहे, ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवून द्यावं.