सेंदाई तान्सू आणि आरिताच्या ताटाबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या क्योतो येथील दुकानातून आपण पुण्याला मागवलेला सेंदाई तान्सू, म्हणजे जपानमधील सेंदाई शहराच्या पद्धतीचे, लोखंडी पट्ट्या जडवलेले खणांचे लाकडी कपाट, आणि त्यासोबत घेतलेले निळ्या नक्षीचे आरिताचे, म्हणजे जपानमधील आरिता गावच्या पोर्सिलेनचे, ताट यांविषयी आपण एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहिला आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: कपाट एदो काळातले, म्हणजे 1868 च्या आधीचे, म्हणून विकले, परंतु त्याच्या मागच्या फळीत यंत्रावर बनलेले खिळे निघाले, कड्यांखालच्या लाकडावर खड्डे होते आणि लोखंड काळवंडलेले होते, पावसाळ्यात दोन खण अडकू लागले, ताटाच्या पाठीवर चिनी राजवटीची खूण आणि टवके आहेत, असेच कपाट जपानमध्ये निम्म्या किमतीला मिळते, आणि एवढे असूनही आम्ही ते परत घेण्यास नकार दिला. आपण फसवणूक हा शब्द वापरला आहे. तो गंभीर आहे, म्हणून उत्तरही तितक्याच तपशिलाने देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम काळाविषयी. आपल्या पावतीवर आणि सोबतच्या वर्णनपत्रावर ‘मेइजी काळाचा उत्तरार्ध’ असे लिहिलेले आहे. मेइजी काळ 1868 ते 1912 असा मानला जातो. ‘एदो’ हा शब्द वर्णनपत्रात एकदाच येतो, तोही या घडणीची परंपरा एदो काळापर्यंत मागे जाते हे सांगताना. मेइजी काळातच पाश्चात्त्य पद्धतीचे गोल दांडीचे खिळे जपानमध्ये येऊ लागले आणि लोहाराने हाताने घडवलेल्या चौकोनी खिळ्यांची जागा त्यांनी हळूहळू घेतली. त्यामुळे मेइजीच्या उत्तरार्धातील कपाटात असे खिळे निघणे हे त्याच्या वयाशी पूर्णपणे जुळणारे आहे. त्याशिवाय आपल्या कपाटाच्या मागची सुगीची, म्हणजे जपानी देवदारासारख्या लाकडाची, फळी पुढे केव्हातरी पुन्हा ठोकलेली आहे आणि ती नोंद, छायाचित्रासह, वर्णनपत्राच्या दुसऱ्या पानावर आहे. दर्शनी लोखंडकामाचे खिळे मात्र हातघडणीचेच आहेत. आपल्या तज्ज्ञांनी तेही पाहावेत, अशी माझी विनंती आहे.

आता कड्यांखालच्या खड्ड्यांविषयी, कारण आपण ज्याला दोष म्हणता त्याच खुणांमुळे मी हे कपाट निवडले होते. खण ओढून झाल्यावर कडी सुटते आणि तिचे खालचे टोक दरवेळी लाकडावर त्याच जागी आपटते. शंभराहून अधिक वर्षे असे होत राहिले की केयाकीसारख्या (या कपाटाचा दर्शनी भाग ज्याचा आहे त्या जपानी झाडाच्या) कणखर लाकडातही चंद्रकोरीच्या आकाराची खोलगट खूण उमटते. कडी हाताने खाली सोडावी आणि तिची कड त्या खुणेत नेमकी बसते का ते पाहावे. ती बसली, आजूबाजूला खिळ्यांची बुजवलेली भोके दिसली नाहीत आणि लोखंडी पट्टीच्या कडेने दुसऱ्या एखाद्या पट्टीचा फिकट ठसा आढळला नाही, तर ते लोखंडकाम पहिल्यापासून त्याच लाकडावर आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. बाजारात दोन-तीन मोडक्या कपाटांचे भाग जोडून केलेली कपाटे भरपूर फिरतात. आपल्या कपाटाच्या प्रत्येक कडीची खूण मी स्वतः तपासली होती. तिच्याविषयी मला आजही आनंद वाटतो, आणि ती खूण मी कधीही भरून काढणार नाही.

लोखंड काळे आहे, कारण ते काळेच ठेवायचे असते. सेंदाईच्या कारागिरांनी सिंह, ड्रॅगन, पिओनीची फुले अशा नक्ष्यांचे पत्रे ठोकून घडवले आणि परंपरेने त्यांवर उरुशीचा, म्हणजे जपानी लाखेच्या झाडाच्या चिकाचा, थर भाजून बसवला. हा थर गंजापासून संरक्षण करतो. आपण अभिप्रायासोबत टाकलेल्या नव्या छायाचित्रांत सिंहाच्या आयाळीवरचे लोखंड पांढुरके चमकते आहे, म्हणजे तारेच्या ब्रशने तो थर घासून निघाला आहे. पुण्याच्या पावसाळ्यात या उघड्या लोखंडावर गंज धरेल. त्यावर सध्या सूक्ष्म-स्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा आणि ओले फडके अजिबात लावू नये, एवढे कृपा करून लगेच करावे.

खण अडकण्याचे कारण मला आपल्या छायाचित्रांतच दिसले. या कपाटात वरचा खण संपूर्ण रुंदीचा आहे आणि त्याखाली डावीकडे दोन लहान खण आहेत, ज्यांच्या शेजारी कुलपाचे दार येते. हे दोन लहान खण बाहेरून सारखे दिसतात, परंतु सुताराने प्रत्येक खण त्याच्या त्याच्या घरात बसवून, थोडे थोडे तासून तयार केलेला असतो. एकाच्या घरात दुसरा गेला की हिवाळ्यात तो चालल्यासारखा वाटतो आणि हवा दमट होऊन लाकूड किंचित फुगले की अडकतो. खणाच्या मागच्या बाजूला त्या काळच्या सुताराने शाईने आकडे घातलेले आहेत: एक आडवी रेघ म्हणजे पहिला आणि दोन रेघा म्हणजे दुसरा. आपल्या छायाचित्रात दोन रेघांचा खण वर आहे. सामान हलवताना खण काढले गेले असावेत आणि परत लावताना त्यांची अदलाबदल झाली असावी. ते जागच्या जागी गेले असते, तर रंध्याची गरजच पडली नसती.

परंतु तोपर्यंत आपल्या सुताराने खणांच्या बाजू रंधून घेतल्या होत्या, आणि त्यानंतर दर्शनी भागाला पॉलिश पेपर मारून त्यावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या रासायनिक पॉलिशचा, थर दिला गेला. कपाट परत घेण्यास मी नकार दिला तो एवढ्याचसाठी. आमच्या अटींमध्ये माल पोहोचल्यापासून साठ दिवसांत, मूळ स्थितीत, कोणतेही कारण न विचारता परत घेण्याची सोय आहे. आपली मागणी त्या मुदतीत आली होती, हे मी मान्य करतो. वस्तू मात्र मूळ स्थितीत राहिलेली नव्हती. या कपाटावरचे काम किजिरो पद्धतीचे होते. त्यात पारदर्शक उरुशीचे हात एकावर एक देऊन, प्रत्येक हात घोटून, केयाकीच्या रेषा खोलातून दिसतील अशी झळाळी आणलेली असते. उरुशी हवेतला ओलावा घेऊन कठीण होते, त्यामुळे प्रत्येक हात दमट कपाटात दिवसचे दिवस वाळवावा लागतो. कोपऱ्यांवर आता जे फिकट पट्टे दिसत आहेत तेथे तो थर लाकडापर्यंत उतरला आहे. पीयू काढण्यासाठी जे द्रावण वापरावे लागेल ते प्रकाशाने थकलेल्या जुन्या उरुशीलाही इजा करू शकते. आपल्याकडे वाड्यांच्या नक्षीदार सागवानी दारांवर घरच्यांनी मायेने ऑइलपेंट फासला आणि मग तो निघता निघेना, तसेच काहीसे येथे झाले आहे. आपण कपाटाचे भले करायला गेलात याविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि म्हणूनच हे लिहिताना मला वाईट वाटते.

ताटाविषयीचा आपला गैरसमज दूर करणे सोपे आहे. त्याच्या पाठीवरच्या सहा अक्षरांत मिंग राजवटीतल्या चेंगह्वा या सम्राटाचा उल्लेख आहे, हे आपल्या परिचितांनी बरोबर वाचले. तो सम्राट 1465 ते 1487 या काळात गादीवर होता, तर आरितात पोर्सिलेन तयार होऊ लागले ते सतराव्या शतकाच्या आरंभी. आरिताचे कुंभार चिनी भांड्यांच्या प्रतिष्ठेपोटी ही खूण सर्रास उतरवत असत, आणि तिच्यावरून भांड्याचा काळ किंवा देश ठरवता येत नाही. आपण ज्यांना टवके म्हटले आहे ते चार बारीक ठिपके त्याहून अधिक बोलके आहेत. भट्टीत रुंद ताटाचा तळ मध्ये खचू नये म्हणून त्याखाली मातीचे टोकदार आधार देत आणि भाजून झाल्यावर ते मोडून काढत. त्यांच्या खुणा आरिताच्या ताटांवर नेहमी दिसतात आणि चिनी ताटांवर सहसा दिसत नाहीत. ताट जपानी असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या हातातच आहे. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक ठिपक्याच्या मध्ये खरखरीत माती आणि भोवती झिलईची गुळगुळीत कड दिसेल, जी नंतर उडालेल्या टवक्याला कधीच नसते.

किमतीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. दर महिन्याच्या 21 तारखेला येथील तोजी मंदिराच्या आवारात बाजार भरतो आणि तेथे जुने तान्सू आमच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळू शकतात. नव्या जपानी घरांत भिंतीतलीच कपाटे असल्यामुळे जुन्यांना घरात जागा उरलेली नाही, आणि किरी या हलक्या जपानी लाकडाची कपाटे तर लोक उचलून न्या म्हणून देतात. मात्र त्या स्वस्त कपाटांतली अनेक आधीच खरवडून, चकचकीत रासायनिक पॉलिश देऊन, नव्या कड्या लावून विकायला आणलेली असतात. आपण दिलेल्या किमतीत कपाटाची निवड व तपासणी, लेखी वर्णनपत्र, निर्यातीची कागदपत्रे, नियमानुसार उष्णता-प्रक्रिया केलेल्या लाकडाचा पेटारा, समुद्रमार्गे वाहतूक आणि विमा हे सारे धरलेले होते आणि प्रत्येक रक्कम पावतीवर वेगळी दाखवलेली होती.

यापुढे मी काय करू शकतो ते स्पष्ट सांगतो. ताट जसे होते तसेच आहे, त्यामुळे आपली इच्छा असल्यास साठ दिवसांची अट बाजूला ठेवून मी ते पूर्ण किमतीला, वाहतुकीच्या खर्चासह, परत घेईन. कपाट मूळ किमतीला परत घेणे मला शक्य नाही, कारण ते पुढच्या ग्राहकाला मूळ स्थितीतले म्हणून देता येणार नाही. आपण कोपऱ्यांची आणि खणांच्या बाजूंची जवळून काढलेली छायाचित्रे पाठवल्यास येथील उरुशी-कारागिराकडून दुरुस्तीचा अंदाज मी विनामूल्य मागवून देईन, आणि आपण कपाट ठेवायचे ठरवल्यास खणांच्या रंधलेल्या बाजूंना जुन्या सुगीच्या पातळ पट्ट्या कशा चिकटवाव्यात हे आपल्या सुताराला व्हिडिओवरून मराठीतच समजावून सांगेन. त्याआधी ते दोन खण शाईचे आकडे पाहून आपापल्या घरात लावावेत, कपाट वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावे, आणि तोवर पॉलिशवाल्याला आणखी एकही हात देऊ नये, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
दुकानाचा मालक, क्योतो